खदानीची कड

बानाबाईला शहरातल्या वस्त्यांची नावं कधी पाठ झाली नाहीत. कुणी पत्ता विचारला, "मावशी, अमुक कॉलनी कुठं आली?" की ती डोळे बारीक करून उभी राहायची आणि उलट विचारायची, "दोन फुटांवर मुरूम लागतो, तीच ना?" विचारणारा हसून पुढं निघायचा. पण तिचं म्हणणं खोटं नसायचं. पंचवीसेक वर्षं ती आणि तिचा नवरा भिकन या शहरात घरांच्या पायाचे खड्डे खणत आले होते. शहर वरून कुणालाही दिसतं. या दोघांनी ते खालून पाहिलं होतं.

त्याआधीचं तिचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. माहेर फुलंब्री तालुक्यातलं, सासरही तिथलंच, दोन्ही घरी धनगरकी. आठ वर्षांची असल्यापासून तिच्या पायांना जमिनीची ओळख होती. पावसाळ्यात काळ्या रानात मेंढरं बसवली की खुरं कुजतात, म्हणून झड लागायच्या आत मुरमाड माळ गाठायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पुढं एका दुष्काळात चारा सरला, कळप विकला आणि नवराबायको टिकाव-फावडं घेऊन शहरात आले. मेंढरं गेली, पण माळावरचा आवाज तेवढा बानाबाईजवळ राहिला. सून सत्यशीला म्हणायची, "आत्या, हळू बोला. चार घरं ऐकायलीत." त्यावर बानाबाई पाचव्या घराला ऐकू जाईल असं विचारायची, "मी कुठं मोठ्यानं बोलायले?"

चौदा वर्षांपूर्वी अंगदनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, प्लॉट घेतला. वाळूजच्या एका कारखान्यात तो नुकताच कायम झाला होता. घरात कुणाला पत्ता लागू न देता त्यानं कागद केले आणि एका रविवारी आईबापाला मोटारसायकलवर मागं बसवून छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या अंगाला नेलं. सपाट केलेली जमीन, चुन्यानं आखलेले चौकोन आणि 'शांतिबन' अशी पाटी. अंगद एका चौकोनात जाऊन उभा राहिला आणि हात पसरून म्हणाला, "हे आपलं."

बानाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. एका अंगाला जुना लिंब होता. वरच्या बाजूला दगडानं बांधलेली विहीर होती. तिनं जागा ओळखली. लग्नानंतरचे दोन उन्हाळे त्यांचा कळप याच माळावर होता. आणि आता जिथं अंगद हात पसरून उभा होता, तिथं दगडाची खदान होती. चांगली तीस-पस्तीस फूट खोल, तळाला हिरवं पाणी. कडेला जाऊन मेंढरू आत पडू नये म्हणून ती दोन उन्हाळे हातात काठी घेऊन त्या कडेवरच उभी राहिली होती.

खदान गेली कुठं? शहरातली घरं पडली, रस्ते उकरले, गटारी काढल्या, तो सगळा मलबा ट्रकांनी आणून इथं ओतला असणार. वरून मातीचा थर टाकला आणि झाली जमीन.

भिकननं बायकोकडं पाहिलं. त्यालाही ओळख पटली होती. पण अंगद तोवर पेढ्याचा पुडा सोडत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "माय, तोंड उघड," तो म्हणाला. बानाबाईनं तोंड उघडलं ते पेढ्यासाठी. बोलायचं राहून गेलं.

पाया या दोघांनीच खणला. पाच फुटांवर विटांचे तुकडे लागले, मग फुटकी कौलं, एक चप्पल, प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा. गुत्तेदार म्हणाला, "थोडा भराव आहे. पाणी मारून दाबून घेऊ." भिकननं सांगितल्यापेक्षा दोन फूट जास्त खणलं. गुत्तेदारानं अडवलं तेव्हाच थांबला. तेवढंच त्याच्या हातात होतं.

घर झालं, कॉलनीच्या दोन गल्ल्यांपैकी खालच्या गल्लीत. खाली दोन खोल्या, मग तीन वर्षांनी वर दोन. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी, आणि आणखी एक मजला चढवायचा म्हणून खांबांच्या सळया आभाळाकडं तोंड करून ठेवलेल्या. भिकन याच घरात, स्वतःच्या छताखाली, झोपेत गेला. पहिल्या पावसाळ्यात दाराची चौकट थोडी तिरकी झाली, ती अंगदनं तासून घेतली. फरशीखाली एका कोपऱ्यात पोकळ वाजायचं. बानाबाई त्या कोपऱ्यात धान्याची कोठी ठेवायची, म्हणजे आवाज यायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला जमीन हलली.

अंगद पहिल्या पाळीला गेला होता. सत्यशीला वरच्या मजल्यावर भाकरी थापत होती. बानाबाई खाली तूर निवडत बसली होती. आधी मांडणीवरची ताटं वाजली. मांजर असेल म्हणून तिनं "हाड!" केलं. मग सुपातली तूर आपोआप एका बाजूला गेली, परत दुसऱ्या बाजूला आली, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी डचमळून खिडकीसमोरून धारेनं खाली पडलं. घर डावी-उजवीकडं झोके घेत होतं, थांबेल थांबेल म्हणावं तर थांबत नव्हतं.

"सत्ये! खाली ये! टाक ती भाकर अन् ये!"

त्या हाकेनं सत्यशीलाच नव्हे, सगळी खालची गल्ली बाहेर आली. शेवटची बाई रस्त्यावर पोचली आणि मागं शेजारच्या मुक्ताबाईच्या गच्चीचा विटांचा कठडा धाडकन पायऱ्यांवर कोसळला. कुणाला लागलं नाही. पण गल्लीतल्या बहुतेक घरांना खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडल्या होत्या.

बायका रडत-थरथरत वरच्या गल्लीत गेल्या, तर तिथं विश्वजीत सर ओट्यावर पेपर वाचत बसलेले. ते शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्या हातातला चहाचा कप अजून भरलेला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय झालं म्हंता सर? भूकंप झाला की!"

"असं? मला वाटलं ट्रक गेला रस्त्यानं."

टीव्हीवर दुपारी बातमी आली. भूकंप झाला होता लांब पूर्वेकडं, आणि तसा लहानच होता. मग भांडणं सुरू झाली. वरची गल्ली म्हणायची, खालचे घाबरट. खालची गल्ली म्हणायची, "तुमची घरं काय देवानं धरून ठेवली व्हती?" कुणी गवंड्याला शिव्या दिल्या, कुणी सिमेंटला. एकानं खालच्या गल्लीची वास्तुशांतच नीट झाली नव्हती असंही काढलं. फोनवर कुणीतरी पाठवलं की चार वाजता दुसरा धक्का आहे, म्हणून खालच्या गल्लीनं चारपासून दिवे लागेपर्यंत चुली रस्त्यावर मांडल्या. दोन गल्ल्यांमध्ये अंतर होतं दोनशे पावलांचं.

बानाबाई या कुठल्याच भांडणात पडली नाही. तिचं तोंड बंद आहे म्हटल्यावर सत्यशीलाला वाटलं, म्हातारीनं धास्ती घेतली.

आठवड्यानं करुणा आली. शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकवायची. तिचे वडील कडुबा मिस्त्री गवंडीकाम करायचे, त्यामुळं ती वाळूच्या ढिगांवर खेळत वाढलेली. सिमेंटच्या पोत्यावर निवांत मांडी घालून बसणारी मास्तरीण बानाबाईनं पहिल्यांदाच पाहिली. कुठं किती हाललं याची माहिती ती शहरभर फिरून गोळा करत होती. एका कॉलनीतल्या दोन गल्ल्यांचं भांडण कानावर आलं, म्हणून मुद्दाम आली.

तिच्याकडं जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी होती. ती जमिनीवर ठेवायची, पाणसळीनं सपाट करायची आणि वीस मिनिटं कुणी जवळ हलायचं नाही.

"ह्यानं काय कळतं?" बानाबाईनं विचारलं.

"जमीन कधीच पुरती गप्प नसते, मावशी. लांबचे ट्रक, वारा, कारखाने, सगळ्यांनी ती बारीक थरथरत असते. आपल्या पायाला कळत नाही, ह्या पेटीला कळतं. खाली खडक असेल तर ती थरथर एक, भुसभुशीत असेल तर निराळी. मोठा हादरा आला तर ही जागा कशी डोलेल, त्याचा अंदाज येतो."

"म्हंजी नाडी बघायची जमिनीची."

"हो, तसंच."

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लोकांना थांबवायचं काम बानाबाईनं आपणहून घेतलं. पदर खोचला, काठी आडवी धरली. शाळेतून येणारी पोरं थांबली, दूधवाला थांबला. एवढ्यात भाजीचा हातगाडा आला, वर भोंगा लावलेला, "आलू, कांदे, टमाटे" असा एकसारखा ओरडणारा. बानाबाई दोन्ही हात हलवत धावली.

"क्या हुआ, खाला?" भाजीवाल्यानं विचारलं.

बानाबाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली, "चुप बैठो. जमीन बोलरी."

भाजीवाल्यानं भोंगा बंद केला आणि घाबरून गाड्यावरून हातही काढले. बायका खुणांनी भाव करू लागल्या, त्यानं बोटांनी सांगितले. वरून बघणाऱ्या सत्यशीलानं पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. आत्यांना हळू बोलता येतं हे तिला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

दोन दिवसांत सोळा ठिकाणी पेटी ठेवून झाली. करुणानं विश्वजीत सरांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. वरच्या गल्लीतली रेघ जवळपास सरळ होती. खालच्या गल्लीतल्या रेघेला मधोमध मोठा उंचवटा.

"एवढा फरक नुसत्या मातीनं पडत नाही," ती म्हणाली. "खालच्या गल्लीखाली काय होतं पूर्वी? नाला? तळं?"

"माळरान होतं," सर म्हणाले. "मंजूर ले-आउट आहे. कागदोपत्री सगळं व्यवस्थित आहे."

बानाबाई चहाचे कप उचलून आत निघून गेली.

दुपारी तिनं करुणाला जेवायला घरी नेलं. भाकरी, मेथीची भाजी आणि पातेलंभर दही. सत्यशीला धरून तिघी खाली बसल्या. करुणानं भेगांकडं पाहिलं, मग दह्याच्या पातेल्याला बाहेरून चमच्यानं हलकंच टिचकावलं.

"मावशी, बघा. पातेलं हललं का?"

"न्हाई."

"अन् दही?"

दही लुकलुकत होतं. चमचा थांबला तरी थोडा वेळ लुकलुकतच राहिलं.

"खडक म्हणजे हे पातेलं. हादरा त्यातून झटकन निघून जातो. ढिल्या मातीत आला की त्याचा वेग कमी होतो, पण झोके मोठे होतात, आणि तो लवकर बाहेर पडत नाही, आतल्या आतच घुमत राहतो. त्यात घराचा झोका आणि जमिनीचा झोका एका तालात आले, तर घर जास्तच डोलतं. भूकंप तोच, पण दोनशे पावलांवर निराळा."

बानाबाई दह्याकडं पाहत राहिली. "म्हंजी आमी दह्यावर घर बांधलं म्हणा की."

करुणा हसली. बानाबाई हसली नाही.

"त्या गल्लीच्या टोकाला मोकळी जागा हाय बघ," ती म्हणाली, "तिथं दसऱ्यानंतर बालवाडी बांधायलेत. खाली लेकरं बसणार, वर हॉल. खांबांच्या जागा बी आखल्यात." ती थांबली. "ती जागा सगळ्यात खोल हाय, पोरी."

"कशाची खोल?"

"खदान व्हती इथं."

सत्यशीलाच्या हातातला घास तसाच राहिला. "आत्या, तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"व्हय. तुझ्या सासऱ्याला बी."

आणि मग बानाबाईनं सगळं सांगितलं. हिरवं पाणी सांगितलं, कडेवरचे दोन उन्हाळे सांगितले, पाच फुटांवर निघालेली चप्पल सांगितली. सांगताना तिचा आवाज एवढा खाली गेला की करुणाला पुढं वाकून ऐकावं लागलं. सत्यशीलानं एकही दोष दिला नाही. तिनं सासूच्या ताटात आणखी दही वाढलं आणि म्हणाली, "जेवा आधी."

"मावशी," जेवण झाल्यावर करुणा म्हणाली, "ती कड कुठून जात होती, दाखवता येईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बानाबाई लिंबाखाली उभी राहिली. कमरेला फक्कीची, पांढऱ्या चुन्याच्या भुकटीची, पिशवी, पाय अनवाणी. लिंबाकडं पाठ, विहिरीकडं तोंड. विहिरीवर आता स्लॅब होता आणि त्यावर तुळशीवृंदावन, तरी जागा तीच. डोळे मिटून ती थोडा वेळ तशीच राहिली. मग मूठभर फक्की घेतली आणि चालू लागली.

सगळी कॉलनी बघायला आली. बानाबाई गल्लीतून, लोकांच्या अंगणांतून, उभ्या मोटारसायकलींच्या मधून चालली होती आणि तिच्या मुठीतून पांढरी रेघ पडत होती. एका ठिकाणी थांबली, दोन पावलं मागं गेली, "इथं एक दगड पुढं आलता," असं स्वतःशीच म्हणाली आणि रेघ वळवली. मुक्ताबाईच्या तुळशीजवळून गेली, तेव्हा मुक्ताबाई म्हणाली, "बाई गं, मी आत का बाहेर?" "आत," बानाबाई म्हणाली आणि पुढं गेली. मोकळी जागा पूर्ण आत आली. शेवटी रेघ तिच्या स्वतःच्या घरासमोर आली. ती पायऱ्यांपाशी क्षणभर उभी राहिली, आणि घराच्या बाहेरच्या बाजूनं, घर आत घेऊन, रेघ पुढं नेली.

चार वाजता कंपनीच्या बसमधून अंगद उतरला. गल्लीतल्या लोकांच्या तोंडून त्याला अर्धंमुर्धं कळलंच होतं. आई पायरीवर बसली होती.

"माय, हे काय हाय?"

"खदानीची कड."

"अन् आपलं घर?"

"आतमंदी."

अंगद उभाच राहिला. हातातला डबा त्यानं खाली ठेवला नाही. "तुला ठाऊक व्हतं? प्लॉट दावायला आणलं तवा?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस? बारा वर्सं! एकदा म्हणायचं की!"

"काय म्हणू? कागद झालते. तुझ्या डोळ्यात पाणी व्हतं." बानाबाईनं मान वर केली. "जलमभर पालात राहिलो रे. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली, दुसऱ्याच्या घराचे पाये खणले. वाटलं, दगडमाती पडलीय, बसंल हळूहळू. भूकंप कुणाच्या ध्यानात व्हता? पर एक खरं सांगते. ध्यानात असता, तरी त्या दिशी मी बोलले नसते. मला हे घर पायजे व्हतं."

अंगद डबा तसाच हातात घेऊन आत गेला. पुढचे तीन दिवस तो आईशी बोलला नाही. बोलला तो सत्यशीलाशी, तेही आईला ऐकू जाईल असं: "मी वरचा मजला चढवणार व्हतो. सळया काय शोभेला ठेवल्यात?" बानाबाई ऐकून घ्यायची. तीन दिवस ती अर्धीच भाकर खायची, आणि ते अंगदच्या लक्षात येत होतं.

चौथ्या दिवशी करुणाच्या कॉलेजची माणसं तीन पायांचं घोडं आणि दोरानं ओढायचा लोखंडी हातोडा घेऊन आली. जमिनीत नळी उभी करायची, हातोडा ठरलेल्या उंचीवरून तिच्या माथ्यावर सोडायचा आणि नळी फूटभर खाली जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. ठोके कमी, तर जमीन ढिली. अंगदची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तो लांब भिंतीला टेकून उभा होता. कारखान्यात तो दिवसभर मापंच घ्यायचा. सुतभर चूक झाली तर माल परत येतो हे जाणणारा माणूस. पहिला ठोका पडला आणि तो नकळत मोजू लागला. त्याच्या घराच्या मागं, दहा फूट खोलीवर, चार ठोक्यांत नळी फूटभर गेली. त्यानं पुढं येऊन नळीवरची खूण स्वतः बोटानं तपासली. नंतर घोडं वरच्या गल्लीत नेलं. तिथं सहा फुटांवर पन्नास ठोके झाले, नळी जागची हलली नाही, उलट हातोडाच उडू लागला.

अंगद आईजवळ येऊन उभा राहिला. "पन्नास," तो म्हणाला.

"मुरूम हाय तिथं," बानाबाई म्हणाली. तेवढ्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं.

बानाबाईची रेघ तीन बाजूंनी बरोबर निघाली. पश्चिमेला चुकली. ती म्हणाली होती तिथं कड नव्हतीच. भराव आणखी साठ फूट पुढं गेला होता, पाच घरांच्या खाली. तिचा चेहरा एकदम उतरला.

"मावशी, तुम्ही गेल्यावरही खदान चालू असणार," करुणा म्हणाली. "तुम्ही पाहिलं तेवढं बरोबरच आहे."

"ते खरं. पर त्या पाच घरांना मी त्या दिशी 'भिऊ नका' म्हणून आले ना." बानाबाई उठली. त्या बाजूची रेघ तिनं पायानं पुसली, नवी ओढली आणि पाचही घरांत जाऊन सांगून आली, "चुकलं माझं. तुमी आत हात."

सोसायटीची बैठक विश्वजीत सरांच्या ओट्यावर झाली. काहींनी कुरकूर केली की या रेघेमुळं कॉलनीचं नाव खराब होईल, पुसून टाका. सर उठून उभे राहिले. "मी त्या दिवशी ट्रक गेला म्हणालो होतो," ते म्हणाले, "आणि खालच्या गल्लीला घाबरट समजलो होतो. चूक माझी. बालवाडीत माझी नात जाणार आहे. इमारत वर येईल, माझ्या घराशेजारच्या कोपऱ्यात, आणि एकमजलीच होईल. खालच्या जागेत मुलं खेळतील." ते खाली बसले, आणि रेघ पुसायचा विषय तिथंच संपला.

खालच्या गल्लीतल्या घरांना काय करायचं ते करुणानं आणि तिच्या ओळखीच्या एका इंजिनिअरनं घरोघर फिरून सांगितलं. घर पाडायची गरज कुणाला नव्हती. पण वजन वाढवायचं नाही. गच्चीवरची मोठी टाकी खाली आणायची, विटांचे कठडे काढून हलके लोखंडी लावायचे, खिडक्यांचे आणि भिंतींचे कोपरे जाळी ठोकून पक्के करायचे.

पुढच्या सुट्टीला अंगद ग्राइंडर घेऊन गच्चीवर चढला आणि वर उभ्या असलेल्या सळया एकेक करून कापू लागला. ठिणग्या उडत होत्या. बानाबाई जिन्यात बसून कापलेले तुकडे गोळा करत होती. बारा खांबांच्या सळया कापायला दुपार झाली. शेवटी त्यानं ग्राइंडर बंद केला, घाम पुसला आणि विचारलं, "बापानं किती जास्त खणलं व्हतं म्हणलीस?"

"दोन फूट. गुत्तेदार वरडला म्हून थांबला, न्हाईतर तळ गाठला असता त्यानं."

अंगद हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "काई बोलला न्हाई मला कधी."

"तो कधी कुणाला काय बोलला?"

सत्यशीलानं वर येऊन दोघांना चहा दिला. ती कापलेल्या खांबांच्या टोकांकडं बघून म्हणाली, "यांच्यावर कुंड्या ठेवून कढीपत्ता लावता येईल का?" अंगदनं तिला वजन वाढवायचं नाही याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "कढीपत्त्याचं काय वजन?" या प्रश्नावर बराच वेळ वाद झाला आणि शेवटी करुणाला फोन लावून विचारावं लागलं. तिनं एका कुंडीला परवानगी दिली.

बालवाडी पुढच्या उन्हाळ्यात वर बांधून झाली. पायाच्या खड्ड्यात दोन फुटांवर मुरूम लागला तेव्हा बानाबाईनं तो मुठीत घेऊन सगळ्यांना दाखवला.

करुणाचं काम वाढलं. शहरात अशा बुजवलेल्या खदानी, वळवलेले ओढे आणखी कुठं आहेत, हे जुन्या माणसांना विचारून नकाशावर मांडायचं तिनं घेतलं. कागदावर नाही ते म्हाताऱ्यांच्या पायांत आहे, असं तिला कळलं होतं. बानाबाईनं तिला आपल्या नात्यातली, कळपांमागं फिरलेली चार म्हातारी माणसं गाठून दिली. वाळूजला अंगदच्या बरोबरचे लोकही आता प्लॉट बघायला जाताना विचारतात, "तुझी माय येती का?" ती जाते. चपला काढून चालते, ढेकूळ फोडून बघते, आणि बरं वाटलं तरी सांगते, "खड्डा घेऊन बघा. माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका."

मागच्या पंधरवड्यात करुणाचा फोन आला. गुरुवारी जायचं होतं एका जुन्या ओढ्याची वाट शोधायला.

"गुरुवारी न्हाई जमायचं," बानाबाई म्हणाली. "गुरुवारी छावणीचा बाजार हाय."

"काय घ्यायचंय बाजारात?"

"काई न्हाई. मेंढरं बघायची."

करुणानं विचारलं, "मी येऊ?"

गुरुवारी दोघी बाजारात गेल्या. गर्दीतून वाट काढत बानाबाई एका कळपापाशी थांबली, मालकाला न विचारता एका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि करुणाचा हात धरून तिथंच ठेवला. "दाब," ती म्हणाली. "भिऊ नगं. लोकर बाजूला सार अन् मणका बघ कसा लागतो. हां. आता सांग, किती वर्सांची असंल?"

करुणानं मन लावून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "तीन?"

मालक आणि बानाबाई दोघंही इतक्या जोरात हसले की आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

"दात बघून कळतं ते," बानाबाई तिला म्हणाली. "ये, दावते."